वृत्तपत्राचा खर्च कोण भरतो?

उत्पादनखर्चापेक्षा कमी किमतीत माल विकणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. वृत्तपत्राचा धंदा मात्र जवळजवळ दोनशे वर्षे याच उलट्या रीतीने चालत आला. कागद, शाई, छपाई, बातमीदारांचे पगार, गाडीभाडे आणि विक्रेत्यांची दलाली यांची बेरीज केली, तर ती बहुधा अंकावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त भरते. शिवाय महिन्याअखेरीस आपण तोच अंक रद्दीवाल्याला विकतो आणि दिलेल्या पैशांतले काही परत मिळवतो. असे असूनही वृत्तपत्रे चालली, वाढली आणि त्यांतली काही तर चांगली गबर झाली.

हा चमत्कार कसा घडत होता आणि गेल्या तीस वर्षांत तो का थांबला, हे समजून घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. वृत्तपत्र कागदावरून मोबाइलच्या पडद्यावर आले, एवढाच बदल झाला असे आपण सामान्यतः धरून चालतो. परंतु कागद आणि पडदा हा फरक वरवरचा आहे. खरा फरक पैसे कोण देतो आणि कशाबद्दल देतो, यात पडला आहे. आणि ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्या कलाने बातमीचे रूपही बदलत जाते.

जुना हिशेब

३ सप्टेंबर १८३३ रोजी बेंजामिन डे नावाच्या मुद्रकाने न्यूयॉर्कमध्ये 'सन' हे दैनिक काढले आणि त्याची किंमत एक सेंट ठेवली. त्या वेळी इतर दैनिके सहा सेंटला मिळत. व्यापारी व राजकारणी मंडळींनी वर्गणी भरून वाचावे, असा त्यांचा थाट होता. डे याने रस्त्यावरच्या कामकऱ्यालाही परवडेल असा अंक काढला. अंकाच्या विक्रीतून खर्च भरून येणार नव्हताच. खप वाढवायचा आणि वाढलेला खप जाहिरातदाराला दाखवून त्याच्याकडून पैसे घ्यायचे, हा त्याचा बेत होता. म्हणजे वृत्तपत्राला दोन गिऱ्हाइके झाली. एकाला बातमी विकायची. दुसऱ्याला त्या वाचकाचे लक्ष विकायचे.

आपल्याकडची सुरुवात याहून वेगळी होती. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, म्हणजे 'सन'च्याही आधी. त्यात एका बाजूला इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूला मराठी मजकूर असे. ते वर्गणीदारांच्या आधारावर १८४० पर्यंत चालले. १९१९ साली बाबुराव ठाकूर यांनी बेळगावात 'तरुण भारत' सुरू केले, तेही जाहिरातीचा गल्ला डोळ्यांपुढे ठेवून नव्हे. मराठी वृत्तपत्र आधी मत मांडण्यासाठी जन्मले आणि धंदा म्हणून मागाहून उभे राहिले. परंतु स्वातंत्र्यानंतर व्यापार वाढला, तसा मराठी आणि कन्नड दैनिकांचाही हिशेब हळूहळू 'सन'सारखाच झाला. १९४८ साली 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' ही संस्था निघाली ती याच कारणाने. जाहिरातदाराला खपाचा खात्रीशीर दाखला हवा होता.

या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वृत्तपत्र हे एक गाठोडे होते. त्यात पहिल्या पानावरची राजकीय बातमी, महापालिकेच्या सभेचा वृत्तान्त, क्रिकेट, राशिभविष्य, शब्दकोडे, सिनेमाच्या वेळा, वधूवर, नोकऱ्या, घरे भाड्याने देणे, श्रद्धांजली आणि बँकांच्या ताबा नोटिसा असे सगळे एकत्र बांधून मिळे. कोणी कोड्यासाठी अंक घेई, कोणी बाजारभावासाठी; पण पैसे सगळ्या गाठोड्याचे पडत. महापालिकेच्या सभेला चार तास बसून राहणाऱ्या बातमीदाराचा पगार प्रत्यक्षात वधूवर आणि भाड्याच्या घरांच्या छोट्या जाहिराती भरत होत्या. वाचकाला याची कल्पना नव्हती, आणि जाहिरात देणाऱ्यालाही नव्हती.

गाठोडे सुटले

इंटरनेटने पहिला घाव या छोट्या जाहिरातींवर घातला. १९९५ साली क्रेग न्यूमार्क या गृहस्थाने सॅन फ्रान्सिस्कोत मित्रमंडळींना कार्यक्रमांची यादी पाठवायला सुरुवात केली. पुढे त्याचेच 'क्रेग्जलिस्ट' हे संकेतस्थळ झाले. घर भाड्याने देणे आहे, जुनी सायकल विकणे आहे, अशी जाहिरात तेथे बहुतांशी फुकट टाकता येई. वृत्तपत्रात ओळीला पैसे मोजणाऱ्या माणसाने फुकट जागा मिळाल्यावर काय केले असेल, हे सांगायला नको. आपल्याकडे १९९७ साली 'नोकरी डॉट कॉम' सुरू झाले आणि त्याच सुमारास लग्ने जुळवणारी संकेतस्थळेही निघाली. नोकरी, छोकरी आणि घर, या तिन्ही वाटा वृत्तपत्राच्या दारावरून जात होत्या. त्या वळल्या.

यात कोणाची लबाडी नव्हती. नवी सोय खरोखरच चांगली होती. दहा ओळींच्या चौकटीऐवजी छायाचित्रासह सारी माहिती देता येत होती आणि शोधणाऱ्यालाही हवे तेच सापडत होते. फक्त सभेला बसणाऱ्या बातमीदाराचा पगार आता कोठून द्यायचा, हा प्रश्न त्या संकेतस्थळांचा नव्हता.

वृत्तपत्रांनीही या काळात स्वतःची संकेतस्थळे काढली. 'हिंदू'ने १९९५ मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जानेवारी १९९६ मध्ये. बहुतेकांनी मजकूर फुकट दिला. त्यामागचा विचार जुनाच होता. वाचक जमवू, मग जाहिराती येतीलच. तो विचार कोठे चुकला, ते पुढे पाहू.

जागेचा भाव का पडला?

इंटरनेटवरची पहिली पट्टीवजा जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर झळकली, असे मानले जाते. जाहिरातदारांत एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी होती. त्या वेळी अशी जागा दुर्मीळ होती. पण अर्थशास्त्राचा साधा नियम आहे की, मागणी तितकीच राहून पुरवठा वाढत गेला, तर किंमत उतरते. छापील दैनिकाच्या बारा पानांत जाहिरातीला जागा मर्यादित असते. दिवाळीच्या आठवड्यात पहिल्या पानासाठी सराफ आणि साडीवाले रांग लावतात, ते याच मर्यादेमुळे. इंटरनेटवर पानांना अंत नाही. जगातले प्रत्येक संकेतस्थळ, प्रत्येक खेळ, प्रत्येक चित्रफीत ही जाहिरातीची जागाच आहे. वृत्तपत्राची मक्तेदारी गेली आणि भाव कोसळला.

याचा परिणाम अमेरिकेत सर्वांत स्पष्ट दिसतो. तेथील वृत्तपत्रांचे जाहिरातींचे उत्पन्न २००५ साली सुमारे ४,९०० कोटी डॉलर होते. २०२० साली ते १,००० कोटी डॉलरच्याही खाली आले. त्या वर्षी अंकविक्री व वर्गणीचे उत्पन्न प्रथमच जाहिरातींच्या उत्पन्नापेक्षा जास्त भरले. विक्री फार वाढली म्हणून असे घडले नाही. जाहिराती आटल्या म्हणून घडले. डेन्व्हर शहरातील 'रॉकी माउंटन न्यूज' हे दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावरचे दैनिक फेब्रुवारी २००९ मध्ये बंद पडले. २००५ नंतरच्या वीस वर्षांत अमेरिकेतली एक-तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे अशीच बंद झाली, आणि त्यांत गावोगावची साप्ताहिके फार मोठ्या संख्येने होती.

लिलाव आणि अडत्या

मग जाहिरातीचा पैसा गेला कोठे? तो नाहीसा झाला नाही. त्याची वाट बदलली. ती समजण्यासाठी आज मोबाइलवर एक बातमी उघडताना काय घडते ते पाहू.

आपण बातमीवर बोट ठेवतो. पान उघडेपर्यंतच्या क्षणार्धात त्या पानावरील रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. लिलावात पुकारा होतो तो असा: अमुक शहरातला, अमुक मोबाइल वापरणारा, काल बूट शोधत असलेला एक वाचक आला आहे, बोला. जाहिरातदारांचे संगणक बोली लावतात. ज्याची बोली चढते त्याची जाहिरात चौकटीत येते. म्हणूनच काल आपण पाहिलेला बूट आज अग्रलेखाच्या मधोमध दिसतो.

येथे जाहिरातदाराने विकत घेतले काय? त्याने वृत्तपत्रातली जागा घेतली नाही, वाचक घेतला. हा फरक बारीक आहे, पण त्याचे परिणाम मोठे आहेत. पूर्वी सुशिक्षित, कमावता वाचक गाठायचा तर तो जे दैनिक वाचतो त्यातच जाहिरात द्यावी लागे. आता त्याच वाचकाची खूण एकदा नोंदवून ठेवली, की तो रात्री एखाद्या फुटकळ विनोदाच्या संकेतस्थळावर जाईल तेव्हा त्याला तेथे स्वस्तात गाठता येते. चांगला वाचक जमवण्याचा खर्च एकाने केला आणि त्याचा लाभ दुसऱ्याने घेतला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

या लिलावाच्या बाजारात सर्वांत मोठी पेढी गूगलची. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये शोधयंत्राच्या पानावर जाहिराती विकणारी 'ॲडवर्ड्स' ही योजना सुरू केली, २००३ मध्ये इतरांच्या संकेतस्थळांवर जाहिराती लावणारी 'ॲडसेन्स' आणली आणि 'डबलक्लिक' ही जाहिरात-व्यवस्था सांभाळणारी कंपनी घेण्याचा ३१० कोटी डॉलरचा व्यवहार २००८ मध्ये पुरा केला. यानंतर जाहिरातदाराच्या वतीने खरेदी करणारे साधन, वृत्तपत्राच्या वतीने विक्री करणारे साधन आणि मधला लिलावाचा बाजार, ही तिन्ही एकाच कंपनीकडे आली.

आपल्या मार्केट यार्डाचा दाखला घेऊ. शेतकऱ्याचा माल विकणारा अडत्या, व्यापाऱ्यासाठी तो खरेदी करणारा अडत्या आणि यार्डाचा मालक हे तिघेही एकच असतील, तर कांद्याचा भाव खरा किती लागला हे शेतकऱ्याला कसे कळावे? ब्रिटनमधील जाहिरातदारांच्या 'इस्बा' या संघटनेने प्राइसवॉटरहाउसकूपर्सकडून असाच तपास करून घेतला. २०२० साली निघालेल्या त्याच्या निष्कर्षानुसार जाहिरातदाराच्या प्रत्येक शंभर पौंडांतले ५१ पौंड प्रकाशकाच्या हाती पडत होते. बाकीचे अनेक दलालांत वाटले जात, आणि सुमारे १५ पौंड कोठे गेले याचा पत्ताच लागला नाही. हा तपास सगळ्या दलालांच्या साखळीचा होता, एकट्या गूगलचा नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील संघीय न्यायालयाच्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी असा निकाल दिला, की गूगलने प्रकाशकांच्या बाजूचे साधन व लिलावाचा बाजार या दोन्ही ठिकाणी बेकायदेशीर मक्तेदारी राखली. युरोपीय आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये याच धंद्यातील वर्तनाबद्दल २९५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. गूगलला हे दोन्ही निष्कर्ष मान्य नाहीत. भारतातही डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फेसबुक आणि गूगल यांनी लहान दुकानदाराचे भले केले, हे नाकारता येत नाही. शिकवणी वर्ग चालवणाऱ्या माणसाला पूर्वी संपूर्ण जिल्ह्यात वाटल्या जाणाऱ्या अंकात महाग चौकट घ्यावी लागे. आज तो काही शे रुपयांत आपल्या उपनगरातल्या पालकांपुरती जाहिरात करू शकतो, आणि ती किती जणांनी पाहिली हेही त्याला कळते. त्याने वृत्तपत्र सोडले, यात त्याचा दोष काय?

माप बदलले की माल बदलतो

आता या साऱ्याचा बातमीशी संबंध काय, ते पाहू. त्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

समजा, एका शहरातील बातमीदाराचा महिन्याचा पगार २५,००० रुपये आहे. समजा, संकेतस्थळावर बातमी हजार वेळा उघडली गेली, की त्या पानावरच्या सर्व जाहिरातींसाठी जाहिरातदार मिळून ५० रुपये देतात आणि त्यांतले निम्मे, म्हणजे २५ रुपये, वृत्तपत्राला मिळतात. मग त्या एका पगारासाठी महिन्याला बातम्या किती वेळा उघडल्या गेल्या पाहिजेत? दहा लाख वेळा.

गटारीच्या कामाच्या टेंडरात काय गडबड झाली, ही बातमी दहा लाख वेळा कोण उघडणार? ज्या प्रभागातली ती गटार आहे, तेथे पाच हजार घरे असतील. उलट एखाद्या नटीच्या लग्नाची बातमी, किंवा 'पुढे जे घडले ते पाहून थक्क व्हाल' असा मथळा, एका दिवसात लाखाचा आकडा गाठतो. संपादक दुष्ट झाला म्हणून मथळे असे झाले, असे मानण्याचे कारण नाही. हजारी मापाने पैसे मिळणार असतील, तर हजारी मापात भरणारा माल तयार होणार. छापील अंकात मापाचे एकक संपूर्ण अंक होते. अंक एकदा खपला, की आतली गटारीची बातमीही खपली. पडद्यावर प्रत्येक बातमी सुटी विकली जाते आणि प्रत्येकीला आपला पगार आपणच मिळवावा लागतो.

आता तोच हिशेब उलट बाजूने मांडू. त्याच शहरात केवळ पाचशे माणसांनी महिन्याला ५० रुपये वर्गणी दिली, तर किती होतात? २५,००० रुपये. एका बाजूला दहा लाख वाटसरू, दुसऱ्या बाजूला पाचशे घरे, पगार तोच. फरक एवढाच, की वाटसरूंसाठी लिहिणारा बातमीदार नटीच्या लग्नाला जाईल आणि पाचशे घरांसाठी लिहिणारा महापालिकेच्या सभेला. माझ्या मते या साऱ्या उलथापालथीचे मर्म या दोन आकड्यांत आहे.

वाचकाच्या दाराशी

हे गणित काही वृत्तपत्रांनी लवकर ओळखले. 'वॉल स्ट्रीट जर्नल' आपल्या संकेतस्थळासाठी १९९० च्या दशकापासूनच वर्गणी घेत होते. व्यापाऱ्याला बातमीतून पैसा मिळतो, म्हणून तो बातमीला पैसे देतो. सर्वसाधारण वृत्तपत्राला मात्र हे जमणार नाही, असे भलेभले म्हणत.

'न्यूयॉर्क टाइम्स'ची स्थिती तर अशी झाली होती, की २००९ मध्ये त्या कंपनीने मेक्सिकोतील धनिक कार्लोस स्लिम यांच्याकडून २५ कोटी डॉलर कर्ज काढले. मार्च २०११ मध्ये तिने संकेतस्थळावर वर्गणीची भिंत उभारली. महिन्याला २० लेख फुकट, त्यापुढे पैसे. पुढच्याच वर्षी वाचकांकडून येणारे उत्पन्न जाहिरातींच्या उत्पन्नापेक्षा वर गेले. २०२४ साली तिचे वर्गणीदार एक कोटीच्या वर होते. हे केवळ बातमीच्या बळावर झाले नाही. त्यांनी पाककृतींचे व शब्दकोड्यांचे वेगळे विभाग काढले, आणि २०२२ मध्ये 'वर्डल' हा शब्दखेळ आणि ५५ कोटी डॉलर देऊन 'ॲथलेटिक' हे क्रीडाविषयक संकेतस्थळ विकत घेतले. थोडक्यात, सुटलेले गाठोडे त्यांनी पुन्हा बांधले. कोड्यासाठी आलेला वर्गणीदार पुन्हा एकदा बातमीदाराचा पगार देऊ लागला.

लंडनच्या 'गार्डियन'ने तिसरी वाट धरली. मजकूर सर्वांना खुला ठेवायचा आणि प्रत्येक लेखाखाली वाचकाला मदतीचे आवाहन करायचे. २०१८ पर्यंतच्या तीन वर्षांत दहा लाखांहून अधिक लोकांनी पैसे दिले. या दैनिकामागे स्कॉट ट्रस्टचे पाठबळ आहे, हेही विसरता कामा नये.

काही देशांनी कायद्याचा मार्ग पत्करला. ऑस्ट्रेलियाने २०२१ साली मोठ्या कंपन्यांनी वृत्तपत्रांशी मोबदल्याची बोलणी करावीत असा कायदा केला, आणि काही करार झाले. कॅनडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला, तेव्हा फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने तेथे बातम्या दाखवणेच बंद केले. दुकानदाराने भाडे मागावे आणि वाटसरूंनी रस्ताच बदलावा, तशी गत झाली.

त्यातच आता नवी अडचण उभी आहे. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत शोधाच्या उत्तरादाखल कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेला सारांश वरच दाखवायला प्रारंभ केला. सारांश वाचून समाधान झालेला माणूस मूळ बातमीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे हजारी मापातली कमाईही घटणार. आपला मजकूर परवानगीवाचून वापरला म्हणून 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआय व मायक्रोसॉफ्टवर दावा केला. आपल्याकडे एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयविरुद्ध तसाच दावा दाखल केला.

आपल्या भाषांचा प्रश्न

न्यूयॉर्कची गोष्ट आपल्याला लागू पडते काय? माझे उत्तर, अर्धीच पडते.

भारतात छापील वृत्तपत्रांची पडझड अमेरिकेइतकी झालेली नाही. घरपोच अंक अजून स्वस्त आहे, आणि काही उत्पन्न असे आहे की जे कायद्यानेच वृत्तपत्राकडे येते. बँकेने थकलेल्या कर्जापोटी मालमत्तेचा ताबा घेतला, तर नोटीस दोन वृत्तपत्रांत छापावी लागते आणि त्यांतले एक प्रादेशिक भाषेचे असावे लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला आपल्या तिमाही निकालाची जाहिरात एका इंग्रजी दैनिकात व नोंदणीकृत कार्यालय ज्या प्रदेशात आहे तेथील भाषेच्या एका दैनिकात द्यावी लागते, असा सेबीचा नियम आहे. वाचक ही पाने उलटून टाकतो, पण प्रादेशिक दैनिकाच्या जमाखर्चात त्यांना मोल आहे. तरीही हा आधार कायमचा समजू नये. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने नियम सैल केला. आता सारे आकडे छापण्याऐवजी क्यूआर कोड व संकेतस्थळाचा पत्ता दिला तरी चालतो. चौकट लहान झाली, की बिलही लहान होते.

खर्चाची बाजूही स्थिर नाही. वृत्तपत्राच्या आयात कागदावर २०१९ च्या अर्थसंकल्पात १० टक्के जकात बसली. पुढच्या वर्षी ती ५ टक्क्यांवर आणली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातल्या वाचकाच्या हातीही मोबाइलवर फुकट बातमी पडली.

पण आपली मुख्य अडचण भाषेच्या आकारमानाची आहे. इंग्रजी वृत्तपत्राला सारे जग गिऱ्हाईक म्हणून मिळू शकते. सीमाभागातल्या मराठी वृत्तपत्राला, किंवा मराठी मुलखाला लागून असलेल्या कन्नड वृत्तपत्राला, बेळगाव, खानापूर, निपाणीचीच माणसे मिळणार. लिलावाच्या बाजारातही प्रादेशिक भाषा मागाहूनच आल्या. ॲडसेन्स २००३ मध्ये निघाले, पण भारतीय भाषांत प्रथम हिंदीला त्यात जागा मिळाली ती डिसेंबर २०१४ मध्ये. मराठीची पाळी त्याहीनंतर आली. तोवर आपल्या भाषेतले पान कितीही वाचले गेले, तरी त्या बाजारात त्याला अधिकृत भाव नव्हता.

म्हणून दहा लाख वाटसरूंचे गणित आपल्याला कधीच सुटणारे नाही. मोठ्या भाषेचा बाजार मोठा असतो, तेथे संख्येवर निभावून नेता येते. लहान मुलखाच्या वृत्तपत्राला पाचशे घरांचाच मार्ग मोकळा आहे. आणि गंमत अशी, की हा मार्ग आपल्याला नवा नाही. वर्गणीदारांवर चाललेले 'दर्पण' याच मार्गाने गेले होते.

अडचण आहे ती आपल्या सवयीची. इंग्रजी दैनिकांपैकी काहींनी वर्गणीची भिंत उभारली, आणि नोकरीच्या परीक्षांसाठी विद्यार्थी ती वर्गणी भरतातही. मराठी दैनिकांची संकेतस्थळे मात्र बहुतांशी फुकटच वाचली जातात. छापील अंकाची पीडीएफ सकाळी सातच्या आत गटागटांतून फिरू लागते, आणि ती पुढे पाठवताना आपण कोणाचे काही घेतो आहोत असे आपल्याला वाटत नाही. पेपर टाकणाऱ्या मुलाचे महिन्याचे बिल बुडवायला आपण कचरतो. बातमीदाराचे बिल मात्र रोज बुडवतो, कारण तो दारात येऊन उभा राहत नाही.

वर्गणीच्या मार्गातही दोष आहेत, हे मान्य करायला हवे. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच चांगली बातमी आणि बाकीच्यांना उडत्या अफवा, अशी वाटणी झाली तर ते लोकशाहीला घातक ठरेल. दुसरे असे, की वर्गणीदाराला रुचेल तेच छापण्याचा मोह संपादकाला होऊ शकतो. सीमाप्रश्नासारख्या विषयावर तर आपल्या वाचकाला गोड लागेल तेवढेच लिहिणे फार सोपे आहे. जाहिरातदाराची मर्जी सुटली आणि वाचकाची मर्जी आली, एवढ्याने वृत्तपत्र स्वतंत्र होत नाही. पहिल्या दोषावर उपाय ग्रंथालयांचा आहे. कॉलेजच्या वाचनालयात छापील दैनिके येतात, तशी एक-दोन मराठी व कन्नड दैनिकांची डिजिटल वर्गणी घेतली, तर शेकडो विद्यार्थ्यांची सोय होईल आणि वृत्तपत्रालाही खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल. दुसऱ्या दोषावर माझ्यापाशी तयार उपाय नाही. मात्र दोन भाषा वाचता येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी एकाच घटनेची मराठी आणि कन्नड बातमी शेजारी ठेवून वाचावी. कोणता संपादक केवळ आपल्या वर्गणीदाराला खूश करतो आहे, हे त्यातून चटकन लक्षात येते.

वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर बातमी फुकट कधीच नव्हती. तिचा खर्च आजवर नोकरी शोधणाऱ्याने, मुलीसाठी स्थळ पाहणाऱ्या बापाने, सराफाने आणि साडीवाल्याने आपल्या नकळत भरला. ते सारे आता दुसऱ्या दुकानात गेले आहेत आणि बिल टेबलावर तसेच पडून आहे. ते आपल्यापैकी थोड्यांनी तरी उचलले नाही, तर शहराच्या सभेत काय ठरले हे सांगायला उद्या कोणी उरणार नाही. आणि ते न कळल्याची किंमत घरपट्टीच्या बिलातून आपल्याला भरावीच लागेल.